"त्याचं सगळं छान चाललंय. मग देव काय करतोय?"

इंदुरात समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की समोरच्यानं दोन-चार वाक्यं बोलली की तो येणार हे कळतं. जावेनं सासूचे दागिने परस्पर लांबवले, आज तिचीच मुलं परदेशात स्थिरावली आहेत. खोटी बिलं लावणाऱ्याला बढती मिळाली आणि सही करायला नकार देणाऱ्याची बदली झाबुआला झाली. भागीदारानं दुकानाचे पैसे खाल्ले, आता तोच समाजाच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ घेतो. गोष्टी वेगवेगळ्या, शेवट मात्र एकच: "आम्ही कुणाचं वाईट केलं नाही. देवाला हे दिसत नाही का?"

हा प्रश्न विचारणारा माणूस वाद घालायला आलेला नसतो. बहुधा तो कित्येक रात्री नीट झोपलेला नसतो, आणि घरात कुणी त्याचं पूर्ण ऐकून घेतलेलं नसतं. म्हणून वसंतकाकांची हकिकत त्यांच्या परवानगीनं सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, रामबागेत भाड्याच्या घरात राहणारे. नव्वदच्या दशकात त्यांनी एका गृहनिर्माण संस्थेत प्लॉट घेतला. हप्ते भरले, रजिस्ट्री झाली, कब्जा काही मिळाला नाही. तीच जमीन पुढे डायरीवर, म्हणजे रजिस्ट्री न करता नुसत्या डायरीतल्या नोंदीवर, दुसऱ्यांना विकली गेली. इंदूरकरांना हे समजावून सांगावं लागत नाही, कितीतरी घरांच्या कपाटात अशी एखादी फाइल पडलेली असते. संस्था चालवणारा माणूस आज मोठा बिल्डर आहे. चौकाचौकांत त्याचे होर्डिंग लागतात, दर वर्षी त्याचा भंडारा असतो.

काकांना माझ्याकडे काकू घेऊन आल्या. निमित्त झालं अंगारकीचं. दोघं पहाटेपासून गणपतीच्या दर्शनाच्या रांगेत उभे होते. बाजूच्या दारानं तो माणूस आला, पाच मिनिटांत दर्शन घेऊन, गळ्यात हार घालून बाहेर पडला. जाताना त्यानं काकांना ओळखलं आणि हसून नमस्कारही केला. काका रांग सोडून घरी आले. त्या संध्याकाळी वर्षानुवर्षांची रामरक्षा चुकली, ती चुकलीच.

"ताई, एवढंच सांगा," काका म्हणाले, "देवसुद्धा व्हीआयपी रांगेतूनच घेतो का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. अशा वेळी पटकन दिलेलं उत्तर गप्प बसवण्यासाठी दिल्यासारखं वाटतं. मी विचारलं, "रात्री झोप येत नाही तेव्हा काय करता?"

"मोबाइल बघतो."

"मोबाइलवर काय?"

ते बोलेनात. उत्तर काकूंनी दिलं. "त्याचं फेसबुक. कुठे गेला, कुणाबरोबर फोटो काढला, नवी गाडी घेतली का. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत."

"म्हणजे काका, दिवसभरात देवाचं नाव किती वेळा येतं आणि त्याचं किती वेळा?"

काकांनी मान खाली घातली. मला त्यांना लाजवायचं नव्हतं. पण जी गोष्ट त्यांना श्रद्धेचा प्रश्न वाटत होती, तिच्यात दिवसातले कितीतरी तास त्या माणसाला दिले जात होते, हे आधी दिसायला हवं होतं. माझी पद्धत अशी की मोठा प्रश्न थोडा बाजूला ठेवायचा आणि माणसाचा दिवस कसा जातो ते तपशिलात विचारायचं. प्रश्नाची मुळं बहुतेक वेळा तिथे सापडतात, असा माझा अनुभव आहे.

पुढच्या भेटींत राग बाहेर आला. तो यायलाच हवा होता. त्या माणसावरचा राग होताच, त्याहून जास्त नातेवाइकांवरचा होता. मोठे भाऊ म्हणाले, मागच्या जन्मीचं देणं असेल. मेहुणे म्हणाले, तुम्हीच कागद नीट तपासले नसतील. काकांना फसवणुकीइतकंच हे लागलं होतं.

जवळची माणसं असं का बोलतात, याचं एक उत्तर मला पटतं. 1966 साली अमेरिकेत मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी एक प्रयोग केला. चुकीचं उत्तर दिलं की एका तरुणीला विजेचे झटके बसतात, असं दृश्य त्यांनी विद्यार्थिनींना दाखवलं. झटके खोटे होते, पण बघणाऱ्या मुलींना ते माहीत नव्हतं. ज्यांना तिची सुटका करता आली, त्यांचं तिच्याविषयीचं मत फारसं बिघडलं नाही. तिचा त्रास असाच चालू राहणार असं ज्यांना वाटलं, त्या तिलाच कमी लेखू लागल्या. निरपराध माणूस भोगतो आहे आणि आपल्या हातात काही नाही, हे सहन होत नाही. मग त्याच्यातच खोट शोधली की बघणाऱ्याला हायसं वाटतं. घरात कुणी फसवलं गेलं असेल तर कृपा करून त्याच्यासमोर पूर्वजन्म काढू नका. "तुमच्यावर अन्याय झाला" एवढं म्हणा आणि त्याला बोलू द्या.

एकदा काका तयारी करूनच आले. इतिहासाच्या सनावळ्या त्यांना पाठ. म्हणाले, "अहिल्याबाईंचंच बघा ना. काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळं, घाट, अन्नछत्रं. देवानं काय दिलं त्यांना? 1754 मध्ये कुंभेरीला नवरा गेला. 1766 ला सासरे, दुसऱ्या वर्षी एकुलता एक मुलगा. 1791 मध्ये जावई गेला आणि मुक्ताबाई सती गेली. चांगल्याचं चांगलं होतं म्हणणाऱ्यांना राजवाड्यासमोरच्या पुतळ्यापाशी नेऊन उभं केलं पाहिजे."

"आणि त्यानंतर बाईंनी काय केलं?"

"करणार काय? कारभार पाहिला. 1795 मध्ये गेल्या तोवर."

"कुणाच्या नावानं?"

काका थांबले. अहिल्याबाईंच्या हुकमांवर 'श्रीशंकर' असे, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

"त्यांच्या वतीनं तुम्ही ज्या देवावर आरोपपत्र ठेवताय," मी म्हटलं, "त्याच्याच नावानं त्या शेवटपर्यंत हुकूम काढत राहिल्या. त्यांना देवाकडून काय हवं होतं, असं तुम्हाला वाटतं?"

त्या दिवशी उत्तर आलं नाही, मीही आग्रह धरला नाही.

गाठ सुटली ती एका साध्या प्रश्नानं. मी विचारलं, "समजा उद्या तो तुरुंगात गेला. मग?"

"मग देव आहे."

"तुमचा प्लॉट मिळेल?"

"लगेच नाही."

"झोप लागेल?"

काका बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. मग हळूहळू सांगू लागले. काही वर्षांपूर्वी त्या माणसाच्या एका साथीदाराला खरंच अटक झाली होती. काकांनी पेढे आणले होते, देवापुढे नारळ फोडला होता. काही दिवसांनी तो जामिनावर सुटला.

"ज्या दिवशी सुटला ना ताई," काका म्हणाले आणि त्यांचा आवाज बारीक झाला, "त्या दिवशी मी देवघरात दिवा लावला नाही. हिनं विचारलं तर म्हटलं, वाती संपल्यात. वाती होत्या."

मी काहीच बोलले नाही. अशा क्षणी बोलायचं नाही, एवढं या व्यवसायानं मला शिकवलं आहे. थोड्या वेळानं त्यांनीच वाक्य पूर्ण केलं: "म्हणजे त्याला जामीन मिळाला की माझा देव जातो."

ज्यांना हा प्रश्न छळतो त्यांनी इथे थांबून स्वतःला तपासावं, असं मला मनापासून वाटतं. अन्याय करणाऱ्याला शिक्षा व्हावी ही इच्छा रास्त आहे, ती सोडा असं मी कुणालाही सांगत नाही. पण "शिक्षा व्हावी" यातून "माझ्या डोळ्यांसमोर, मी म्हणतो त्या मुदतीत झालीच पाहिजे, तरच देव खरा" इथवर आपण कधी पोहोचतो ते कळत नाही. मग आपल्या श्रद्धेची दोरी त्याच माणसाच्या हातात जाते. त्यानं गाडी घेतली की आपला देव लहान होतो. आपली जमीन त्यानं घेतली होतीच, आता संध्याकाळचा दिवाही आपण त्याच्या हवाली करतो.

म्हणूनच "पापाचा घडा भरेल" हे सांत्वन मी वापरत नाही. कदाचित भरेलही. पण ते ऐकून माणूस घड्याकडे बघत बसतो आणि त्याचं स्वतःचं जगणं लांबणीवर पडतं. "त्याला तरी कुठे सुखाची झोप लागत असेल" हेही मी म्हणत नाही, कारण काही दुष्ट माणसं अगदी गाढ झोपतात. देवावरचा विश्वास असल्या अंदाजांवर उभा करू नये.

मग विश्वास म्हणजे काय? माझ्या परीनं सांगते. देवाला शत्रूची सुपारी देणं हा विश्वास नव्हे. निवाडा आपल्या हातात नाही हे मान्य करून आपल्या हातातलं काम त्याच्या साक्षीनं करत राहणं, हा विश्वास. काकांनी "देव बघून घेईल" म्हणत अर्ज करणं केव्हाच सोडून दिलं होतं, आणि देव बघत नाही म्हणून ते त्याच्यावर रुसले होते.

पण एवढ्यानं भागलं नसतं. रागाच्या खाली अजून काहीतरी होतं. एका भेटीत काकूही होत्या. मी काकांना विचारलं, "त्या माणसानं तुमचं नक्की काय नेलं?" मला वाटलं, प्लॉटचा आकार सांगतील. ते म्हणाले, "हिच्या पाटल्या." हप्ते थकले तेव्हा काकूंनी माहेरच्या पाटल्या मोडल्या होत्या. नवरा म्हणून आपण बायकोचं सोनं घालवलं आणि तिला घर देऊ शकलो नाही, हे इतक्या वर्षांत काका तिच्यापाशी बोललेच नव्हते.

काकू शांतपणे म्हणाल्या, "पाटल्या तुम्ही मागितल्या नव्हत्या. मी स्वतः सराफ्यात जाऊन मोडल्या. ते माझं देणं होतं, त्याचं ओझं तुम्ही का वाहता? मला त्रास होतो तो तुम्ही जेवताना बोलत नाही याचा."

काका रडले. त्यानंतर देवाविषयीचा प्रश्न पुष्कळ मवाळ झाला. मी हे अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे: देवाला विचारलेल्या प्रश्नात घरातल्या कुणाला तरी सांगायचं राहून गेलेलं असतं. तुमच्या मनात असं काही असेल तर ते आधी त्या माणसाला सांगा.

देवाविषयीचं जे उरलं, त्यासाठी मी काकांना वनपर्व पुन्हा वाचायला सांगितलं. वनवासात द्रौपदी युधिष्ठिराला हेच विचारते. तुम्ही धर्म कधी सोडला नाही, तरी तुम्ही रानात आणि दुर्योधन राज्यावर. हा विधाता बाहुल्यांसारखा माणसांशी खेळतो की काय? युधिष्ठिर तिला नास्तिकासारखं बोलू नकोस म्हणतो, धर्म निष्फळ नसतो असंही सांगतो. पण स्वतःविषयी म्हणतो की मी फळासाठी धर्म करत नाही. धर्माचं दूध काढायला बघणाऱ्याला त्याचं फळ मिळत नाही. लोक इथेच थांबतात. मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. द्रौपदी उत्तर देते: मी धर्माची निंदा करत नाही, मी दुःखी आहे म्हणून बोलते. आणि लगेच ती पुरुषार्थावर येते, की हातपाय हलवल्याशिवाय काही होत नाही, उठा आणि काम करा.

देवाशी भांडण झालं म्हणून श्रद्धा गेली असं कुणी समजू नये. आर्त माणूस बोलणारच, आपल्या संतांनी विठ्ठलाला काय थोडे बोल लावले आहेत? पूजेत तक्रार आली तर येऊ द्या, फक्त तक्रारीपायी पूजा बंद करू नका. आणि लढाईला वेळ ठरवून द्या. काकांनी मंगळवार ठरवला. त्या दिवशी फाइल, वकील, सहकार खात्यातले अर्ज, मोती तबेल्याला कलेक्टर कचेरीतली जनसुनवाई, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात ती. बाकीच्या दिवशी फाइल कपाटात. रात्री मोबाइल काकूंकडे. हे सोपं गेलं नाही, मध्ये एकदा नवं होर्डिंग पाहून सगळं पुन्हा बिघडलं आणि पुन्हा सुरुवात करावी लागली.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. झोप, भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं असेल, तर तो केवळ श्रद्धेचा प्रश्न राहत नाही. मनोविकारतज्ज्ञांना भेटा. टेली मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. काकांनाही काही महिने गोळ्या घ्याव्या लागल्या, आणि गोळी घेतल्यानं देवावरचा भरवसा कमी होत नाही हे त्यांना पटवायला मला बरंच बोलावं लागलं.

प्लॉट अजून मिळालेला नाही. तो माणूस आहे तिथेच आहे, यंदाही त्याचा भंडारा झाला. काकांनी संस्थेतल्या आणखी काही सभासदांना शोधून काढलं आहे, आता ते एकत्र अर्ज करतात. त्यांतल्या एका विधवा बाईंचे कागद काका स्वतः लावून देतात. रामरक्षा सुरू झाली आहे, काकू म्हणतात की मधूनच थांबून देवाला दोन शब्द सुनावतात आणि मग पुढे म्हणतात. आमची पुढची भेट मंगळवारी ठरली होती. त्यांनी फोन करून ती बुधवारी घ्यायला सांगितली, मंगळवारी सगळ्यांना जनसुनवाईला जायचं आहे.