भाड्याच्या खलनायकांचं कॉमिक काढताय ना, मग हे वाचा

भाऊ, तुझी पाच पानं पाहिली, चित्रं दमदार आहेत, पण तुझा सुपरव्हिलन काम कोणाचं घेतो, इसार किती मागतो आणि कोणतं काम अजिबात करत नाही हेच कळत नाही. सुपारी घेणाऱ्या माणसाची खरी मजा सौद्यात असते रे. एक अख्खं पान फक्त सौद्याला दे, भुसावळ स्टेशनबाहेरची चहाची टपरी, समोर केळीचा व्यापारी, आणि हा आग ओकणारा बाबा शांतपणे बशीत चहा ओततोय, तिथेच वाचक अडकतो बघ. व्यापाऱ्याला अहिराणी बोलू दे, पुस्तकी मराठी त्याच्या तोंडी शोभत नाही.

संवाद आधी लिही, फुग्यांची जागा पेन्सिलनेच धर. आपल्या लिपीत वर वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींमधे जागा जास्त लागते, नंतर फुगा कोंबला की चेहरा झाकला जातो.

आणि मधे पिना मारायचा अंक असेल तर पानं ४ च्या पटीतच ठेव, म्हणजे २०, २४, २८. मी पहिला अंक २२ पानांचा नेला, प्रेसमधे गेल्यावर कळलं, मग रात्रीतून दोन पानं घाईत काढली आणि ती अजून डोळ्यात खुपतात. फाइल ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला ३०० ठिपके), सीएमवायके (छपाईचे चार रंग), चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेलं चित्र). आधी एकच कॉपी काढून बघ, स्क्रीनवरचा गडद निळा कागदावर बऱ्याचदा काळपट येतो.

सौद्याचं पान झालं की पाठव, मी नक्की बघतो.