काटा अडलाय तो सोमवारचा

अरे, तू आमच्या धाकट्या दिराच्या वयाचा दिसतोस, म्हणून सरळ अरे-तुरे करते. राग मानू नकोस.

तुझं म्हणणं थोडक्यात असं. वय 36, हिंजवडीत नोकरी, पक्का शाकाहारी. फेब्रुवारीत 84 किलो होतास, साडेतीन महिन्यांत 79 वर आलास आणि गेला दीड महिना काटा जागचा हलत नाही. जिम आठवड्यातून चार दिवस, शिवाय रविवारी सिंहगड. ट्रेनर म्हणतो कार्डिओ (धावणं, सायकल वगैरे) दुप्पट कर आणि फॅट बर्नरचा, म्हणजे चरबी जाळतात म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांचा, डबा घे. घेऊ का?

नको घेऊस. डब्याचं मागाहून सांगते. तू वजनाची यादी, जिमच्या वहीची पानं आणि एका दिवसाचं खाणं असे तीन फोटो टाकलेस, ते फार बरं केलंस. लोक नुसतं 'वजन उतरत नाही' एवढंच लिहितात आणि मग आम्ही हवेत बाण मारतो. काल रात्री चष्मा लावून तिन्ही शेजारी-शेजारी ठेवून वाचले.

वजन तू दर सोमवारी सकाळी करतोस. सिंहगड सुरू केलास जूनच्या मध्यावर, पहिला पाऊस झाल्यावर. आणि काटा अडला तोही तेव्हापासूनच. हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही?

पायथ्याच्या आतकरवाडीच्या वाटेनं गड चढताना धाप लागते म्हणून आपल्याला वाटतं की कष्ट चढण्यात आहेत. स्नायूंचा खरा पिट्टा पडतो तो उतरताना. मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अख्खा भार पेलत असतो, पायरीपायरीला ब्रेक दाबल्यासारखा. म्हणून तर सोमवार-मंगळवारी सोसायटीचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो. (तुझे गुडघे उतरताना कुरकुरतात म्हणालास, ते बरंचसं यामुळेच. पण सूज असेल किंवा गुडघा अडकत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखव, इथे विचारत बसू नकोस.) त्या दुखऱ्या स्नायूंच्या डागडुजीसाठी शरीर तिथे पाणी धरून ठेवतं. त्यात भर गडावरच्या ठेचा-भज्यांतल्या मिठाची. शिवाय आठवडाभर पोळी मोजून खाणारा माणूस गडावर दोन भाकऱ्या हाणतो, त्यातलं पिष्ट ग्लायकोजन होऊन स्नायूंत साठतं आणि दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी सोबत नेतं. सोमवारी काट्यावर उभा राहतोस तेव्हा कालचा गड अजून अंगातच असतो. किलोभर सहज.

पण सगळं पाण्यावर ढकलू नकोस. पाणी चढायचं ते पहिल्या-दुसऱ्या सोमवारी चढलं. सहा आठवडे त्याच सबबीवर काढता येत नाहीत. उरलेला हिशोब भज्यांचा आहे.

तुझं घड्याळ गडाला अकराशे कॅलरी दाखवतं म्हणालास. जरा गणित करू. वजन 79, चढ सुमारे 600 मीटर. एवढा भार एवढ्या उंचीवर न्यायला निव्वळ काम लागतं 110 कॅलरींचं. स्नायू जाळलेल्यातला साधारण चौथा हिस्साच कामी लावतात, बाकी घाम आणि उष्णता. म्हणजे चढायला साडेचारशेच्या आसपास, उतरण्याचे धरून सहाशे म्हण. आणि वर तू काय खातोस? तूच लिहिलंयस: पिठलं-भाकरी, कांदाभजी 'एक-दोन प्लेट', मडक्यातलं दही साखर घालून, खाली आल्यावर चहा-क्रीमरोल. माझ्या अंदाजानं बाराशेच्या खाली जात नाही. घड्याळावर विश्वास ठेवून खाल्लंस तर दर रविवारी पाच-सहाशे वर जातात, आणि चार दिवस जपून खाल्लेलं धुऊन निघतं. गड बंद कर असं मी मुळीच म्हणत नाही. पावसाळ्यात सिंहगडावर जाऊन भजी न खाणं हा पुणेकराला न शोभणारा प्रकार आहे. एक प्लेट, दोघांत.

आता सोमवारची दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच मोठी. वहीत तुझा पायांचा दिवस सोमवार आहे! फेब्रुवारीत रिकाम्या बारपासून सुरू करून जूनपर्यंत स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठका) 40 किलोवर आणलास, छानच. त्यानंतर सहा आठवडे 40, 40, 40, एकदा तर 35. रविवारी मांड्या झिजवून आलेला माणूस सोमवारी स्क्वॉटमध्ये काय वाढवणार? स्नायू दुखायचं शिखर चोवीस ते बहात्तर तासांत कधीही येतं. पायांचा दिवस गुरुवारी ने. सोमवारी छाती-पाठ कर, पायांना विश्रांती.

गुरुवारी 40 नंच सुरू कर. आठ-आठचे तीन सेट. तिन्ही सेटमध्ये दहा-दहा स्वच्छ निघाले की 42.5. दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट. जिममध्ये त्या कुठेतरी कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या असतात, कारण पोरांना वीसच्या प्लेटी लावून फोटो काढायचा असतो. शोधून काढ. माझे आजोबा शुक्रवार पेठेत तालमीत जायचे. बैठका मोजायला कोटाच्या खिशात चिंचोके. पंचवीस बैठका झाल्या की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्यात. वस्ताद महिन्याला एकच चिंचोका वाढवू द्यायचे, जास्त नाही. तुझ्या ट्रेनरपेक्षा त्यांना प्रोग्रामिंग, म्हणजे व्यायाम कसा वाढवत न्यायचा ते, जास्त कळत होतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

यादीच्या खाली तू अगदी सहज लिहिलंयस, 'पट्टा मात्र एक भोक आत गेलाय.' अरे, ही बातमी आहे! ती तळटीप कशी काय झाली?

आपल्याच पुण्यातलं उदाहरण देते. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं मधुमेहावर काम करतायत. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, तंतोतंत एक, 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आपण बारीक दिसतो, पण हाडापेरानं बारीक आणि पोटानं लठ्ठ असतो, हे त्यांचं सांगणं. आपल्यासारख्यांना नुसता काटा निम्मी गोष्टही सांगत नाही. पुरुषांसाठी पोटाचा घेर 90 सेंटीमीटरच्या आत हवा, म्हणजे साडेपस्तीस इंच. शिंप्याकडचा टेप घे, बेंबीच्या किंचित वर, श्वास सोडून, पंधरा दिवसांतून एकदा. वजन करायचंच तर रोज सकाळी कर आणि आठवड्याची सरासरी लिही. एकट्या सोमवारला एवढा मान देऊ नकोस.

खाण्याकडे येते. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या-भाजी-वरण, संध्याकाळी चहा-बिस्किटं, रात्री पुन्हा तेच आणि वाटीभर दही. नीट घरगुती जेवण आहे, नावं ठेवायला जागा नाही, पण प्रथिनं मोजलीस तर पन्नासच्या आसपास. लोकांना वरणाबद्दल फार भ्रम असतो. मी एकदा कुकर लावायच्या आधी डाळ काट्यावर ठेवली. आम्हा चौघांना एका वेळी दीडशे ग्रॅम तूरडाळ. शंभर ग्रॅम कच्च्या डाळीत बावीसेक ग्रॅम प्रथिन, म्हणजे माणशी आठ ग्रॅम. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, 'मग काय आता डाळ नुसती खायची?' बसून राहणाऱ्या माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम पुरे, असं आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) म्हणतं. वजन उचलणाऱ्यानं, त्यातून वजन उतरवत असताना, 1.2 ते 1.6 धरावं. तुला शंभर ग्रॅम गाठले तरी फरक दिसेल.

कसे गाठायचे? पन्नास ग्रॅम कोरडे सोया चंक्स म्हणजे 26 ग्रॅम. मिठाच्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवायचे, गार पाण्यातून काढून घट्ट पिळायचे आणि हे दोनदा. लोक एकदाच पिळतात आणि मग वास येतो म्हणून नाक मुरडतात. पिळलेले चंक्स वाटणाच्या रश्शात टाक, वर थोडा गोडा मसाला. व्हे (दुधातल्या प्रथिनाची पावडर) तू फक्त जिमच्या दिवशी घेतोस, ते रोज एक स्कूप घे, 24 ग्रॅम. झाले की शंभर. बिस्किटांच्या जागी मूठभर फुटाणे. आणि चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी 'उपासाचं हलकं' म्हणून खातोस, ती हलकी नाही, साबुदाणा म्हणजे शुद्ध पिष्ट. जो काही जीव आहे तो दाण्याच्या कुटात, आणि कॅलरीही तिथेच. खा, पण वाटीभर, आणि सोबत ताक नाही, दही घे.

तेलाचं एक काम कर. घरात तुम्ही तिघं. महिन्याला तेलाच्या किती पिशव्या लागतात ते बघ. आमच्याकडे असंच मोजलं तेव्हा माणशी सव्वा लीटरच्या जवळ निघालं, आणि मी घरभर 'आमच्याकडे तेल कमीच असतं' म्हणून मिरवत होते. तिघांत साडेतीन लीटर जात असेल तर रोज माणशी 35 ग्रॅम, म्हणजे तीनशेवर कॅलरी, ज्या कुठल्याच ॲपमध्ये तू भरत नाहीस. अर्धा लीटर कमी करून बघ. बायकोला सांगू नकोस, स्वतः फोडणी घाल.

आता डबा. मी बेचाळीसची असताना एका जिमनं मला असाच फॅट बर्नर गळ्यात मारला होता. चौथ्या दिवशी रात्री दोनला छाती धडधडायला लागली, नवऱ्यानं गाडी काढली, इसीजी झाला. निघालं काय, तर डब्याच्या दोन गोळ्या आणि माझे नेहमीचे चार चहा, सगळं मिळून कॅफिन. जिमवाल्यांनी पैसे परत दिले नाहीत ते नाहीतच. त्यात चरबी जाळणारं असं काही नसतं, भूक थोडी मरते आणि झोप पूर्ण. तुला झोप तशीही साडेपाच तास, रात्री साडेअकरापर्यंत कॉल. सकाळी सहाची जिम आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी नेता येते का बघ, एवढंच म्हणते.

कार्डिओ दुप्पट नको. जेवणानंतर वीस मिनिटं चाल, शनिवारी पर्वतीच्या 103 पायऱ्या दोन-तीनदा कर, बास. जिमवाले ताकदीसाठी घेतात ती क्रिएटीनची पावडर चांगली आहे, रोज तीन ग्रॅम, पण आत्ता नको. त्यानं स्नायूंत पाणी धरून किलोभर वजन वाढेल आणि तू पुन्हा इथे रडत येशील. पट्ट्याचं दुसरं भोक आत गेलं की विचार. किडनीचा काही इतिहास असेल तर आधी डॉक्टर. आणि शाकाहारी आहेस तर बी-12 जीवनसत्त्व एकदा तपासून घेच, आपल्याकडे ते सर्रास कमी निघतं.

पंधरा दिवस एवढंच बदल: पायांचा दिवस गुरुवारी, रोजची सरासरी, सोया, तेल. गुरुवारी 42.5 ला पोचलास की वहीचा फोटो टाक. आणि आतकरवाडीला रविवारी सहाच्या आत पोच, नाहीतर गाडी लावायला जागा मिळत नाही.