घरच्या घरी फरशी बसवायला शिकायचंय, थापी कधी हातात धरलेली नाही. बाथरूमपासून सुरुवात करू का?

बाथरूमपासून नको. बाकीचं सावकाश सांगतो, पण हे आधी.

तुम्ही लिहिलंय की बाथरूम ६ बाय ४ चं आहे, जागा लहान म्हणून काम सोपं वाटतंय, व्हिडिओ भरपूर बघून झालेत आणि मिस्त्री चार दिवस फोन उचलत नाही. शेवटचं दुःख मला चांगलं कळतं. पण लहान बाथरूम हेच घरातलं सगळ्यात किचकट काम. चारी बाजूनं कापाकापी, नळांची भोकं, जाळीकडं पाच फुटाला इंचभर ढाळ आणि फरशीच्या खाली वॉटरप्रूफिंग. फरशी वाकडी बसली तर नुसती डोळ्याला खुपते. वॉटरप्रूफिंग चुकलं तर खालच्या मजल्यावरची माणसं जिना चढून वर येतात. ते काम जाणत्याकडूनच करून घ्या, आणि त्यावर फरशी चढवायच्या आधी जाळीला बोळा घालून एक-दोन दिवस पाणी साठवून ठेवा, खालून ओल येते का बघा.

आता माझं. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करतो, वीसेक वर्षं झाली. घर जयंती नाल्याच्या अंगाला. २०२१ च्या जुलैत गल्लीत पाणी शिरलं. ओसरल्यावर मागच्या सोप्यातल्या (पडवीतल्या) शहाबादी फरश्या पाय ठेवला की डुलायच्या आणि फटीतनं गढूळ पाणी वर यायचं. सोपा ८ बाय ५ चा, तिथं वॉशिंग मशीन आणि धुणं. पाहुणा तिकडं फिरकत नाही. म्हटलं, हात मारून बघायला हीच जागा बरी. तुमच्याकडंही असा एखादा कोपरा असेल, मागचा सोपा नाहीतर जिन्याखालची जागा. तिथं शिका. बाथरूम पुढच्या वर्षी.

मला आधी वाटायचं, आपण मिलीमीटरचे शंभर भाग करून त्यात काम करणारी माणसं, आणि मिस्त्री बोलणार सुतात. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.) मग यात अवघड ते काय? पण लेथवर जॉब चकमध्ये, म्हणजे यंत्राच्या पकडीत, आवळलेला असतो आणि चकवर विश्वास टाकता येतो. घराच्या भिंतीवर नाही टाकता येत. मी लांबीच्या भिंतीला चिकटून पहिली ओळ लावत निघालो. दुसरी ओळ निम्म्यावर आली तेव्हा दिसलं, की समोरची आडवी भिंत काटकोनात नाहीच. एका टोकाला तीन बोटं जागा उरतेय, दुसऱ्या टोकाला जेमतेम दीड. म्हणजे शेवटची प्रत्येक फरशी पाचरीसारखी कापायची, आणि ती पाचर नेमकी दारातून आत येताना समोर दिसणार.

गल्लीत एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. ते दारात उभं राहून कधीपासून बघत होते कुणास ठाऊक. "भितीला धरून कुठं निघालास रं? दोरी कुठं हाय तुझी?" दोरी नव्हतीच. "काढ सगळ्या. वल्या हाईत तवर निघत्यात." बारा फरश्या उचटल्या, बादलीत धुतल्या, खालचा माल खरवडला. मग मामा म्हणाले, "पैली फरशी दारातनं बघायची. भितीकडनं न्हवं."

म्हणजे काय ते त्यांनी करूनच दाखवलं. दारात उभं राहिल्यावर नजर जिथं पडते तिथं अख्खी फरशी आली पाहिजे. कापलेले तुकडे मशीनच्या मागं, कपाटाखाली, जिथं कुणी बघत नाही तिथं ढकलायचे. त्यासाठी काहीही न लावता फरश्या आधी नुसत्या मांडून बघायच्या, मध्ये स्पेसर (फटी सारख्या राखणारे छोटे तुकडे) ठेवून. भिंतीशी दोन बोटांची चिंधी उरत असेल तर सगळी मांडणी अर्धी फरशी सरकवायची. मग खोलीच्या मध्यातून दोरी ताणायची आणि तिला काटकोनात दुसरी. काटकोन तपासायला दोऱ्या जिथं छेदतात तिथून एका दोरीवर दीड फुटावर खूण, दुसरीवर दोन फुटांवर, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर अडीच फूट भरलं पाहिजे. शाळेत पायथागोरस पाठ केला होता, कामाला आला तो चाळिशी उलटल्यावर. पहिली ओळ या दोरीला धरून. भिंत कितीही तिरकी असू दे, तिचा तिरकेपणा कडेच्या तुकड्यात मुरतो.

या मांडणीला माझा अख्खा रविवार गेला. त्या दिवशी एकही फरशी चिकटली नाही, आणि पूर्ण कामातला तोच दिवस सगळ्यात महत्त्वाचा होता असं मला अजून वाटतं.

खालचा कोबा मी स्वतः केला नाही. शहाबादी काढल्यावर खाली नुसता भराव होता. तो ठोकून त्यावर मामांनीच कोबा घातला, आठवडाभर पाणी मारलं, पुढं तीन आठवडे वाळू दिला. तुमच्याकडं कोबा असेल तर सहा फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आडवी-उभी-तिरकी फिरवून बघा. पट्टीखाली सुतापेक्षा जास्त फट दिसली तर आधी तो खड्डा भरून घ्या. चिकटवायचा माल जास्त थापून लेव्हल काढायचा मोह होतो, पण जाड थर वाळताना आकसतो आणि फरशी खाली ओढली जाते.

फरशी घेताना १२ बाय १२ इंचाचीच घ्या. दुकानात सगळे दोन बाय चार फुटांची दाखवतील, दिसायलाही ती झकास असते. पण ती एकच १५ किलोच्या आसपास भरते, एकट्यानं सरळ ठेवता येत नाही आणि खालच्या जमिनीतला प्रत्येक दोष कडेला उघडा पाडते. संख्येला दहा टक्के वाढ धरा. मी धरली नाही. ४० चौरस फुटाला ४२ आणल्या, तीन फुटल्या, दोन चुकीच्या कापल्या. दोन आठवड्यांनी पुन्हा आणायला गेलो तर डिझाइन तेच, खोक्यावरचा बॅच नंबर वेगळा. रंगात अंधुक फरक होता. सवयीनं व्हर्नियर लावला तर मापातही अर्ध्या मिलीमीटरचा निघाला. त्या पाच फरश्या आता मशीनखाली आहेत. तेव्हा सगळी खोकी एकाच बॅचची आहेत का हे दुकानातच बघून घ्या.

सिमेंट की अ‍ॅडहेसिव्ह (पिशवीत तयार मिळणारी, पाण्यात कालवायची चिकटवायची पावडर), असं तुम्ही विचारलंय. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल पाणी पिते, म्हणून भिजवून सिमेंटच्या मालात लावली तर धरते. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी ओढत नाही, तिला सिमेंटची पकड कमी बसते. शिवाय मालात बसवायला हाताचा अंदाज लागतो आणि तो अनेक वर्षांनी येतो. नवशिक्यानं सरळ अ‍ॅडहेसिव्ह घ्यावं. पिशवीवर आयएस १५४७७ आणि पुढं टाइप लिहिलेला असतो. आपली फरशी आणि जागा सांगून कुठला टाइप ते विचारा. २० किलोची पिशवी ५० चौरस फुटांच्या आसपास पुरते म्हणतात, मला ४० फुटांनाच संपली. नवा हात जास्त माल खातो.

कालवताना पाण्यात पावडर टाकायची, पावडरीत पाणी नाही, नाहीतर तळाशी गोळे राहतात. एका वेळी पाच-सहा फरश्यांपुरतंच कालवा. मी पहिल्यांदा अर्धी पिशवी एकदम कालवली होती, निम्मी टोपल्यातच दगड झाली. घट्ट व्हायला लागलेल्या मालात पाणी घालून तो परत सैल करू नका, ताकद जाते. दातेरी थापीनं एकाच दिशेला रेघा ओढा आणि एका वेळी दोन-तीन फरश्यांपुरतंच पसरा. पसरलेल्या मालाला बोट लावून बघा. बोटाला लागला तर ठीक, साय धरली असेल तर खरवडून टाका. एप्रिल-मे मध्ये ही साय बघता बघता धरते, तेव्हा कोबा आधी ओलसर पुसून घ्या. पावसाळ्यात उलटं, आपल्याकडं जुलैत कोबाच वाळत नाही. दिवाळी ते होळी हा या कामाचा काळ.

फरशी टेकवल्यावर रेघांच्या आडव्या दिशेनं थोडी पुढं-मागं हलवून दाबा, मग रबरी हातोडा. आणि पहिल्या दोन-तीन फरश्या बसवल्यावर मुद्दाम उचकटून पाठ बघा. कोपऱ्यापर्यंत माल लागलाय का? माझ्या पहिलीच्या पाठीवर चारी कोपरे कोरडे होते. वाळल्यावर थापीच्या दांड्यानं टकटक करा. बद्द आवाज आला तर खाली पोकळ आहे. माझ्या चार निघाल्या. दोन काढून परत लावल्या, दोन तशाच आहेत, त्यांच्यावर बायको जड बादली ठेवू देत नाही. भिंतीच्या कडेनं मात्र एखादा सूत फट सोडा, स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी लावलेली पट्टी) तिला झाकतं. फट न सोडता घट्ट ठासल्या तर उन्हाळ्यात फुगून मधल्या फरश्या उठतात.

कापायला हाताचं कटर भाड्यानं आणलं. चाक एकदाच, एका दमात ओढायचं. दुसऱ्यांदा फिरवलं की फरशी भलतीकडं फुटते. पाइपापाशी एलच्या आकाराचा तुकडा लागतो तिथं ग्राइंडर, पण तो उघड्यावर, चष्मा आणि चांगला मास्क लावून. ती धूळ फुफ्फुसात जाऊन बसते, कायमची. हातमोजेही घाला. मी उघड्या हातानं काम केलं आणि बोटांच्या टोकांची सालं निघाली.

जॉइंट, म्हणजे फरश्यांमधल्या फटी, दुसऱ्या दिवशी ग्राउटनं (फटी भरायच्या मालानं) भरा. रबरी पट्टी तिरकी ओढायची, पुसायला स्पंज घट्ट पिळून घ्यायचा. पाणी जास्त झालं की जॉइंट पांढरट पडतो आणि नंतर पीठ होऊन निघतो.

किती दिवस लागतील? मामांनी हे काम एका दिवसात संपवलं असतं. मला चार रविवार लागले. एक मांडणीचा, दोन बसवण्याचे, एक कापाकापी आणि जॉइंटचा. पैसे वाचतील म्हणून करणार असाल तर सांगतो, एवढ्या लहान जागेत वाचलेली मजुरी हत्यारांत आणि फुटलेल्या फरश्यांतच जाते. मामांना विचारलं होतं काय द्यायचे म्हणून. त्यांनी चहा घेतला आणि ती दातेरी थापी मागून नेली, त्यांच्याकडं नव्हती म्हणे.