मी बाळाला सोडलं नव्हतं

अपघातानंतर माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या आयांचा प्रश्न बहुतेकदा एकच असतो. "आणखी घट्ट धरलं असतं तर त्याला लागलं नसतं ना?" बाकी सगळं, झोप न लागणं, हॉर्न ऐकला की छातीत धडधडणं, या प्रश्नाच्या मागून येतं.

वैशाली (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) नवरा आणि सासूबाईंबरोबर आली होती. सिन्नरकडून येताना पुढच्या उसाच्या ट्रॉलीनं एकदम ब्रेक मारला आणि यांची गाडी मागून धडकली. नवरा गाडी चालवत होता, सासूबाई त्याच्या शेजारी, वैशाली मागे, दीड वर्षाचा मुलगा तिच्या मांडीवर. बेल्ट तिघांनीही लावले होते. वैशालीच्या डाव्या खांद्यापासून पोटापर्यंत काळानिळा पट्टा उमटला, बाकी खरचटलंसुद्धा नाही. मुलगा दोन सीटांच्या मधून उडाला आणि गिअरपाशी आदळला. मांडीचं हाड मोडलं, कपाळाला टाके पडले, कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर. या वयातली हाडं लवकर जुळतात, तशी त्याची जुळत होती. घरातलं मात्र बिनसलेलंच होतं. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये रागाच्या भरात सासूबाई बोलून गेल्या होत्या, "स्वतःला बांधून घेतलंस आणि पोराला सोडलंस." त्या एकदाच बोलल्या. वैशालीच्या कानात ते रोज वाजत होतं. मुलाला दूध पाजणं, पुसणं, सगळं करायची, पण उचलायची नाही. बोलताना सारखी बोटं मिटायची, उघडायची.

"तुमची काही चूक नाही," हे मी म्हटलं नाही. ते सगळ्यांनी म्हणून झालेलं असतं आणि आईला ते समजूत काढल्यासारखं वाटतं. मी कागद-पेन घेतलं.

"बाळाचं वजन किती?"

"दहा किलो."

धडकेच्या वेळी वेग किती असेल, ते नवऱ्याला विचारलं. ब्रेक मारूनही पन्नास तरी असेल, म्हणाला. पन्नासचा वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. अशा धडकेत गाडी साधारण एक दशांश सेकंदात थांबते. गाडी थांबली म्हणून आतली माणसं थांबत नाहीत, ती त्याच वेगानं पुढे जात राहतात, काहीतरी अडवेपर्यंत. तेवढ्या वेळात दहा किलोचं मूल थांबवायला जो जोर लागतो, तो 140 किलो वजन पेलण्याएवढा. नवऱ्याचं बांधकाम साहित्याचं दुकान आहे. त्याला म्हटलं, सिमेंटच्या जवळजवळ तीन गोण्या अचानक कुणी हातातून हिसकावल्या, तर दुकानातला सगळ्यात दणकट हमाल तरी धरून ठेवील का? तो काही बोलला नाही, कागदाकडे बघत राहिला.

आणि वेळेचंही आहे. धक्का जाणवून मेंदूनं हाताला "आवळ" म्हणेपर्यंतच एक दशांश सेकंद उलटून जातो. वैशालीला वाटत होतं, ऐन क्षणी आपली पकड ढिली पडली. तसा क्षण तिला मिळालाच नव्हता.

मग तिला बेल्टनं का वाचवलं? पट्टा शरीराला खांद्याचं हाड, बरगड्या, कंबरेचं हाड अशा मजबूत जागी धरतो, थोडा ताणतो आणि गाडीचं तोंड चेपत असतानाच माणसालाही थांबवत आणतो. थांबायला जेवढा जास्त वेळ मिळेल तेवढी इजा कमी. बेल्ट नसला की शरीर डॅशबोर्डवर किंवा पुढच्या सीटवर थांबतं. शरीर थांबलं तरी मेंदू, यकृत, प्लीहा आतल्या आत पुढे जातात, म्हणून बाहेर ओरखडाही नसताना आत रक्तस्राव असू शकतो. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं आणि जड, मान नाजूक, त्यामुळे ते बहुधा डोक्यानंच पुढे जातं.

सासूबाईंनी विचारलं, "मग दोघांना मिळून एकच पट्टा लावला असता तर?" हे खूप जणांना सुचतं. तसं केलं तर आईचं सगळं वजन धडकेच्या जोरानं मुलावर येतं आणि ते पट्ट्यात चिरडतं. ते ऐकून त्या गप्प झाल्या.

वैशालीच्या मनात पुढचा प्रश्न आलाच, "मग मी त्याला मांडीवर घेतलंच कशाला?" या ठिकाणी खोटं बोलू नये, असं माझं मत आहे. लहान मुलांची सीट असती तर बहुधा इतकं लागलं नसतं, हे मी सांगितलं. पण का सुटलं आणि का मांडीवर घेतलं, हे दोन प्रश्न वेगळे. पहिल्याला तिच्याकडे उत्तर असणं शक्यच नव्हतं. दुसऱ्याला एकटी ती का उत्तर देणार? मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब प्रमाणे चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाची सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे आणि तो चालवणाऱ्याला आहे, मांडीवर घेणाऱ्या आईला नाही.

"गाडी मीच चालवत होतो," नवरा म्हणाला. अपघातानंतर तो यावर पहिल्यांदा बोलत होता.

सासूबाई म्हणाल्या, "आम्ही तीन पोरं मांडीवरच वाढवली." त्यात खोटं काहीच नव्हतं. ज्यांची गाडी कधी धडकत नाही त्यांना हे कळायची वेळ येत नाही, एवढंच मी म्हटलं. त्या दिवशी त्यांनी माफी वगैरे मागितली नाही. निघताना सुनेची पर्स मात्र स्वतः उचलली.

गणितानं भीती गेली असं नाही. गणितानं अपराधीपणा सैल झाला, भीतीवर वेगळं काम करावं लागलं. आधी जमिनीवर सतरंजीवर बसून मुलाला मांडीवर घेणं, मग उभं राहून, मग जिना. स्वप्नं आणि दचकणं महिन्याच्या पुढेही टिकलं, म्हणून तिला मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. अशा वेळी नुसत्या बोलण्यावर विसंबू नये.

प्लास्टर निघाल्यावर त्यांनी सीट घेतली. मागच्या बाकावर, मुलाचं तोंड मागच्या काचेकडे करून बसवायची. इतक्या लहान मुलाच्या मानेला तीच दिशा बरी. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर अशी सीट कधीही लावायची नाही, हे दोघांकडून वदवून घेतलं. नंतर वैशालीचा फोन आला. सीटवर बसवलं की पोरगा आकांत करतो, सासूबाई म्हणतात काढ बाहेर, मी काय करू? मी म्हटलं, गाडी कडेला घ्या, थांबा, मग उचला. शांत झाला की परत बसवा आणि निघा. पोचायला उशीर होईल, तो होऊ द्या.