ओंडक्यावरची पांढरी अळंबी कोणती?

प्रश्न : अंगणात रचलेल्या आंब्याच्या ओंडक्यांवर पावसात नखाएवढ्या, पांढुरक्या, लवदार अळंब्या आल्यात. उघडीप पडली की आक्रसतात, सर आली की पुन्हा उमलतात. ही कोणती जात? खाता येईल का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : वर्णन शिझोफायलम कम्युनिशी जुळतं. आपल्याकडे वाळक्या लाकडावर ती सर्रास दिसते. खात्रीसाठी मात्र अळंबी उलटीच करायला हवी. पंख्यासारखी, देठ जवळजवळ नाही, रुंदी साधारण १ ते ४ सेंमी, एवढ्यावर नाव ठरवू नका. खालचे कल्ले, म्हणजे खालच्या अंगाच्या पात्यांसारख्या पट्ट्या, १० पट भिंगातून पाहा. प्रत्येक कल्ला काठावर उभा चिरलेला असतो. कोरड्या हवेत चिरेचे दोन्ही भाग बाहेर वळून बीजाणूंचा थर झाकतात आणि ओल मिळताच सरळ होतात. तुम्हाला दिसणारं आक्रसणं-उमलणं ते हेच. चीर अर्धवट वाळलेल्या नमुन्यात जास्त ठळक दिसते.

घोटाळा होतो तो क्रेपिडोटस या दुसऱ्या अळंबीशी. तीही देठाविना लाकडावर येते आणि कोवळेपणी तिचे कल्लेही पांढरेच असतात. पण ती मऊ, ठिसूळ असते, कल्ले चिरलेले नसतात, आणि बीजाणू तपकिरी. म्हणून कागदावर गळणाऱ्या बीजाणूंचा ठसा घ्याच. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद घ्या, ताजी अळंबी कल्ले खाली करून दोन्हींवर येईल अशी ठेवा, वर पाण्याचा एक थेंब टाका आणि रात्रभर वाटीखाली झाका. शिझोफायलमचा ठसा पांढरा ते फिकट गुलाबीसर येतो. पांढऱ्या कागदावर तो दिसतच नाही, आणि ‘ठसा आला नाही’ असं वाटून पुष्कळजण इथेच चुकतात. वाळलेला नमुना कोरडाच ठेवला तर ठसा देत नाही, आधी भिजवून उमलू द्या. नमुना जाणकाराकडे नेताना सालीच्या तुकड्यासकट, कागदी पिशवीत न्या. प्लॅस्टिकमध्ये घाम धरून तो सडतो.

खाण्याबद्दल : मणिपुरात ‘कांगलायेन’ म्हणून हीच अळंबी आवडीने खातात. तरी वर्णनावरून वा फोटोवरून ओळखलेली कुठलीही अळंबी खाऊ नका, जाणकाराने नमुना हातात घेऊन सांगितल्याशिवाय तर नाहीच. या बुरशीचा सायनस किंवा फुप्फुसांत संसर्ग क्वचित होतो. घरात कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर तो ढीग त्यांनी उपसू नये.

ओंडके जळणासाठी असतील तर लवकर वापरा किंवा कोरड्यात हलवा. ही बुरशी लाकूड कुजवते. अळंब्या नुसत्या खुडल्या तरी आतले तंतू शाबूत राहतात.