वाचकांचे प्रश्न : रिव्हॉल्व्हर बक्षीसपत्राने देता येते का?

प्रश्न : कोरेगाव तालुक्यात माझी शेती आहे. बरीच वर्षे परवान्यावर कानपूरचे .३२ चे रिव्हॉल्व्हर बाळगले. आता त्याची हौसही उरली नाही आणि गरजही. बेळगावला कॉलेजपासूनचा एक मित्र असतो, त्याला ते द्यायचे आहे. पैशाचा व्यवहार नाही. साताऱ्यात नोटरीसमोर ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर बक्षीसपत्र केले आणि वस्तू हातात दिली, तर चालेल ना?

उत्तर : चालणार नाही. उलट त्या स्टॅम्पवर तुम्ही गुन्ह्याचा पुरावा आपल्या सहीने लिहून द्याल. १९५९ च्या हत्यार कायद्यात ‘विक्री’ आणि ‘हस्तांतरण’ हे शब्द जोडीनेच येतात. पैसे घेतले की नाही, याने काही फरक पडत नाही. कलम ५ (विक्री-हस्तांतरणाला परवाना सक्तीचा करणारे कलम) मोडून शस्त्र दुसऱ्याकडे दिले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. परवाना नसताना ते जवळ ठेवणाऱ्या मित्राला किमान दोन वर्षे, कमाल पाच.

तरीही मित्राला शस्त्र देणे कायदेशीर आहे आणि ते फार अवघडही नाही. फक्त क्रम उलटा धरावा लागतो. आपण आधी वस्तू देतो आणि मग कागद करतो. इथे वस्तू सर्वांत शेवटी.

सुरुवात मित्राच्या परवान्यापासून. तो बेळगाव शहरात, म्हणजे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असेल तर अर्ज आयुक्तांकडे. बाहेर तालुक्यात असेल तर उपायुक्तांकडे (कर्नाटकात जिल्हाधिकाऱ्यांना उपायुक्त म्हणतात). अर्ज नमुना ए-१ मध्ये. सोबत ओळख, पत्ता आणि जन्मतारखेचे पुरावे, फोटो, शारीरिक व मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. त्यानंतर जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. वय २१ पूर्ण हवे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर सुटकेनंतर पाच वर्षे तो पात्र नाही. शांतता राखण्याचा जामीन लिहून दिला असेल, तर त्या बंधपत्राची मुदत संपेपर्यंतही नाही. गावकीच्या भांडणात असे जामीन सर्रास होतात आणि लोक ते विसरून जातात. पोलीस अहवालात मात्र ते हमखास निघते.

मित्राकडे आधीच परवाना असेल तर काम निम्म्यावर येते, पण तो परवाना नीट वाचा. बारा बोअरच्या बंदुकीच्या परवान्यावर रिव्हॉल्व्हर घेता येत नाही. शस्त्राचा प्रकार आणि बोअर (नळीचे माप) त्यावर लिहून घ्यावा लागतो. दुसरे म्हणजे संख्या. पूर्वी एका माणसाला तीन शस्त्रे ठेवता येत; २०१९ पासून दोनच, आणि वारसाहक्काने आलेलेही त्या दोनांतच धरले जाते. त्याच्याकडे वडिलांची डबल बार (दुनळी बंदूक) आणि स्वतःची रायफल असेल, तर तुमच्या रिव्हॉल्व्हरला जागाच नाही. तिसरे, यूआयएन क्रमांक. शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदणीतला हा क्रमांक दोघांच्याही परवान्यावर असायला हवा. नसेल तर परवाना वैध धरत नाहीत.

तिकडचे जमले की मग तुमची सूचना. कलम ५(२) प्रमाणे तुम्ही जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना लेखी कळवायचे, की अमुक शस्त्र अमुक नाव-पत्त्याच्या माणसाला द्यायचा इरादा आहे. कायद्यात ‘किंवा’ आहे, पण तुम्ही दोन्हीकडे द्या. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या गृह शाखेत एक प्रत, ठाण्यात दुसरी. अर्जात तुमचा परवाना क्रमांक, यूआयएन आणि मुदत. शस्त्राचा प्रकार, बोअर, बनावट आणि बॉडी नंबर (शस्त्रावर ठोकलेला क्रमांक). सोबत द्यायच्या काडतुसांची नेमकी संख्या. मित्राचे पूर्ण नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि तो देणारे कार्यालय. आणि ‘विनामोबदला’ हा शब्द. दोन्ही परवान्यांच्या सर्व पानांच्या प्रती जोडा. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. त्या तारखेपासून किमान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. कारकून तोंडी ‘हो’ म्हणाला म्हणून चाळिसाव्या दिवशी दिले, तरी ते बेकायदा.

प्रत्यक्षात नुसते ४५ दिवस मोजून भागत नाही. तुमच्या बाजूने हस्तांतरणाची लेखी परवानगी आणि मित्राच्या बाजूने ‘अमुक नंबरचे शस्त्र घेण्यास हरकत नाही’ असे पत्र, असे दोन्ही कागद हातात असावेत. ते नसतील तर पुढे नोंद करताना एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते आणि मधल्या मध्ये शस्त्र कोणाचेच राहत नाही.

सर्वांत जास्त घोळ बॉडी नंबरचा होतो. जुने परवाने हाताने लिहिलेले असतात. देवनागरीतला एक आणि इंग्रजीतला नऊ जवळपास सारखेच दिसतात. परवान्यावरून ऑनलाइन नोंद करताना एखादा आकडा फिरला की शस्त्र आणि कागद जुळत नाहीत. अर्ज करण्याआधी रिव्हॉल्व्हर रिकामे करून, भिंग घेऊन, ठोकलेला नंबर स्वतः वाचा आणि परवान्याशी ताडून पाहा. फरक निघाला तर आधी दुरुस्तीचा अर्ज, हस्तांतरण नंतर.

आता न्यायचे कसे? परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते : जिल्हा, राज्य किंवा संपूर्ण भारत. तुमचा परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर कागल ओलांडून कोगनोळीच्या नाक्यावर तुमच्या गाडीत ते बेकायदा होते. मित्राचा कर्नाटकापुरता असेल तर तो साताऱ्यात येऊन घेऊ शकत नाही, कारण इकडे असेपर्यंत त्याच्या हातात ते बेकायदा. दोघांचेही असेच असेल तर दोन वाटा आहेत. एक, प्रवासापुरता तात्पुरता परवाना किंवा क्षेत्रवाढ मागणे. दुसरी, आणि आमच्या मते बरी, परवानाधारक शस्त्र विक्रेत्यामार्फत देणे. तुम्ही इकडच्या विक्रेत्याकडे रीतसर जमा करता, तो वाहतुकीचा परवाना काढून तिकडच्या विक्रेत्याकडे पोचवतो, मित्र तिथून आपल्या परवान्यावर नोंद करून घेतो. विक्रेते मेहनताना घेतात, पण रजिस्टरला नोंद राहते. कुरिअर किंवा एसटीचे पार्सल हा विचारही नको. वाटेत ते शस्त्र ज्याच्या ताब्यात असेल त्याच्याकडे परवाना नसतो.

स्वतः नेणार असाल तर चेंबर रिकामे, काडतुसे वेगळ्या डब्यात, दोन्ही कुलूपबंद, मूळ परवाना आणि परवानगीपत्रे अंगावर. झेरॉक्स चालत नाही.

दिल्यावर आठवड्याभरात दोन गोष्टी करा. गृह शाखेत परवाना दाखवून शस्त्र कमी केल्याची नोंद घ्या आणि तीच नोंद यूआयएनवर ऑनलाइन झाली का ते बघा. मित्राने शस्त्र आपल्या कार्यालयात दाखवून नंबर पडताळून घ्यायचा. हे राहिले की वर्षभर काही कळत नाही. निवडणूक लागते, आचारसंहितेत ठाण्यातून फोन येतो : ‘तुमच्या नावावरचे रिव्हॉल्व्हर जमा करा.’ तेव्हा ते बेळगावात आहे हे सिद्ध करत बसावे लागते. तसेही आचारसंहितेच्या काळात ही कामे रेंगाळतात. निवडणुका तोंडावर असतील तर सूचना आधी देऊन ठेवा.

तुमचा परवाना संपला असेल तर वरचे काहीच लागू नाही. कलम ५(२) ची सवलत ‘कायदेशीर ताब्यातल्या’ शस्त्रापुरती आहे. आधी ते ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या, नूतनीकरण करा, मग पुढचे. आता परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे आहे. त्यामुळेच तारीख जास्त विसरली जाते, असे आमचे निरीक्षण.

सातारा जिल्ह्यात निवृत्त लष्करी घरे पुष्कळ, म्हणून एक जोड. ९ मिमी, .४५५ किंवा .३८० चे शस्त्र असेल तर ते प्रतिबंधित बोअरमध्ये येते. त्याचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. जिल्ह्याच्या पातळीवर मित्राला तो मिळणार नाही.

प्रश्न : जत तालुक्यात आमचे रान आहे. विजापूरकडचा मित्र दोन रात्री राखणीला जाणार आहे. माझी बंदूक लेखी चिठ्ठी देऊन त्याला दिली तर?

उत्तर : कलम ३ मध्ये लेखी अधिकारपत्राची सोय आहे खरी, पण ती तीनच कामांसाठी : दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण आणि खुद्द परवानाधारकाच्या वापरासाठी शस्त्र वाहून नेणे. मित्राने मित्राच्या कामासाठी वापरणे त्यात बसत नाही. तुम्ही सोबत गेलात तरी ते शस्त्र तुमच्या वापरासाठीच राहते. आणि डुकरे मारायचा बेत असेल तर वन्यजीव कायदा वेगळा आडवा येतो.

प्रश्न : आम्ही विट्याजवळचे. वडील ७४ वर्षांचे, त्यांची डबल बार १९८८ पासून. मी गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी कोइमतूरला असतो. वडिलांना ती माझ्या नावे करायची आहे. मित्राला देतात तशीच रीत का?

उत्तर : नाही, तुमची वाट सोपी आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत, परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षे झाली, यांतले जे आधी होईल तेव्हापासून तो हयातीतच कायदेशीर वारसाचे नाव सुचवू शकतो. वडिलांच्या दोन्ही अटी पूर्ण झाल्या आहेत. तुम्ही जिथे राहता तिथल्या परवाना कार्यालयात अर्ज करा, सोबत वडिलांचे संमतीपत्र. भाऊ-बहिणी असतील तर त्यांचे ना-हरकत शपथपत्र आत्ताच घ्या. वडिलांच्या पश्चात हाच कागद सगळ्यांत जड जातो. पोलीस अहवाल, वैद्यकीय दाखला, प्रशिक्षण यांतून वारसाला सूट नाही. परवाना हाती येईपर्यंत बंदूक विट्यातच राहील. या सवलतीचा आधार घेऊन मित्राला ‘मानलेला भाऊ’ दाखवण्याची कल्पना काहींना सुचते. मानलेले नाते या नियमात नाही.

प्रश्न : सांगलीहून विचारते. मुलगा ओहायोत ग्रीन कार्डवर आहे, त्याच्याकडे पिस्तूल आहे. पेनसिल्व्हेनियातल्या आपल्याकडच्याच मित्राला ते भेट द्यायचे म्हणतो. अमेरिकेत तर हे सरळ असेल ना?

उत्तर : राज्याच्या आत काही ठिकाणी सरळ असते, राज्याची सीमा आली की नाही. १९६८ च्या संघीय बंदूक नियंत्रण कायद्यानुसार विक्रेत्याचा परवाना नसलेली व्यक्ती दुसऱ्या राज्यातल्या तशाच व्यक्तीला थेट शस्त्र देऊ शकत नाही, भेट म्हणूनही नाही. पिस्तूल मित्राच्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे जायला हवे. तिथे मित्र स्वतः फॉर्म ४४७३ भरतो, पार्श्वभूमीची तपासणी होते आणि मगच ते त्याला मिळते. रायफलीच्या बाबतीत विक्रेता दुसऱ्या राज्यातलाही चालू शकतो. पिस्तुलाला स्वतःच्याच राज्यातला लागतो. मुलाने ते टपालाने पाठवण्यापेक्षा आपल्या गावातल्या विक्रेत्याकडे न्यावे, तो पुढच्या विक्रेत्याकडे रवाना करतो. मृत्युपत्राने मिळालेले शस्त्र या नियमाला अपवाद आहे.

पण त्याआधी मित्राचा व्हिसा विचारा. तो एच-१बी वर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) असेल तर संघीय कायद्याने त्याला शस्त्र बाळगायलाच मनाई आहे; एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असणे अशा मोजक्या सवलती सोडून. ग्रीन कार्डधारकाला ही अडचण नाही. फॉर्मवर खोटे लिहिणे हा स्वतंत्र संघीय गुन्हा आहे, आणि मग पिस्तूल बाजूलाच राहून व्हिसा जातो.