डेन्मार्कमध्ये एक अख्खं चर्च वाळूत गाडलं गेलं, हे खरं आहे का? तिथे आज काय बघायला मिळतं?

खरं आहे, पण ‘गाडलं गेलं’ म्हटलं की एका रात्रीत वादळ आलं आणि सगळं गडप झालं, असं वाटतं. तसं झालं नाही.

गाव आहे स्कागेन, डेन्मार्कच्या अगदी उत्तर टोकाला. (लिहितात स्कागेन, पण तिकडची माणसं ‘स्केन’ असं काहीतरी म्हणतात. तिकीट खिडकीवर मी दोनदा चुकलो.) चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या कोळ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी सेंट लॉरेन्सच्या नावाने विटांचं चर्च उभारलं. मासळीच्या जोरावर गावात पैसा खेळत होता, १४१३ साली राजाकडून शहराचा दर्जाही मिळाला. त्या हिशोबाने चर्चही ऐसपैस होतं, जवळपास ४५ मीटर लांब.

मग वाळू सरकायला लागली. वारा कारण होताच, पण निम्मं पाप माणसांचं. किनाऱ्याच्या टेकड्यांवर एक राकट गवत उगवतं, त्याच्या मुळांनी वाळू धरून ठेवलेली असते. लोकांनी ते जळणाला, छपराला कापलं, वर गुरं चारली. १५३९ मध्येच राजाने या गवताला हात लावायला बंदी केली होती. पण घरात चूल पेटवायला दुसरं काही नसेल तर फर्मान कोण पाळणार?

१७७५ च्या सुमारास वाळू चर्चच्या दाराशी येऊन थडकली. पुढची वीस वर्षं हा गोष्टीतला मला सर्वात चटका लावणारा भाग. प्रार्थना असली की आधी फावडी घ्यायची, दारापुढची वाळू उपसायची, वाट मोकळी करायची आणि मग आत जाऊन बसायचं. पुढच्या वेळेपर्यंत दार पुन्हा बुजलेलं! शेवटी १७९५ मध्ये राजाज्ञेने चर्च बंद झालं. वाळू आवरण्याचा मोठा कायदा आला होता १७९२ मध्ये, म्हणजे अवघ्या तीन वर्षांपूर्वी.

१८१० च्या सुमारास मुख्य इमारत पाडली, मनोरा मात्र ठेवला. भक्तिभावाने नव्हे हो, जहाजांसाठी! या टोकाशी दोन समुद्र भिडतात आणि बाल्टिककडची जहाजं याच वाटेने जातात. रात्री दिवा दाखवायला अठराव्या शतकातलं दीपगृह होतं, पण दिवसा दुरून ओळखायला खूण हवी होती. म्हणून मनोऱ्याला पांढरा रंग देऊन तो राखला. देवाचं घर गेलं आणि खलाशांच्या सोयीपायी शिखर वाचलं. मला तरी यात काही गैर वाटत नाही.

गावाला नवीन चर्च मिळालं ते १८४१ मध्ये. कोपनहेगनचं कॅथेड्रल ज्याने नव्याने बांधलं, त्याच सी. एफ. हान्सेनने याचा आराखडा केला. पुढे १९०९-१० मध्ये वास्तुविशारद उलरिक प्लेस्नरने त्याचा कायापालट केला. आज ते गावातल्या घरांसारखंच पिवळं दिसतं. छान आहे, पण त्यासाठी कोणी वाट वाकडी करून एवढ्या लांब येईल असं नाही.

लोक येतात जुन्यासाठी. त्याचं नावच आता ‘वाळूत बुजलेलं चर्च’ असं आहे. स्टेशनवरून सायकल घेतलीत तर पंधरा-वीस मिनिटं. बुटक्या पाइनच्या झाडांमधून (ही झाडंही वाळू धरून ठेवायला मुद्दाम लावलेली) एकदम पांढरी भिंत दिसते, वर पायऱ्यापायऱ्यांनी निमुळती होत गेलेली शेंडी. बुंधा दिसत नाही, तो वाळूत आहे. मनोरा जमिनीतून उगवल्यासारखा वाटतो आणि मन उगाच त्याचं उरलेलं धड शोधत राहतं. मुख्य इमारत होती त्या जागी आज नुसता उंचवटा आहे. मी गेलो तेव्हा दोन पोरं त्यावरून घसरगुंडी खेळत होती.

उन्हाळ्यात मनोरा उघडा असतो, आत शिरून वर चढता येतं. इतर महिन्यांत बाहेरूनच बघावं लागतं. आणि सायकल पक्क्या रस्त्यालाच लावा, पुढे वाळूत चाकं रुततात.